मामांना न उघडलेला फोटो

आईचा शाळकरी वयातला फोटो सापडला, तो मी सगळ्या नातेवाइकांना ईमेलने पाठवला. सगळ्यांना दिसला, फक्त मामांचा फोन आला, "अगं, तुझी फाइल माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाही." दुसऱ्या प्रकारात बदलून पुन्हा पाठवायची, एवढंच होतं. "पाठवते हं," मी म्हणाले आणि राहून गेलं. दोन मिनिटांचीच कामं आपण खुशाल उद्यावर टाकतो.

वर्षभराने त्यांच्या घरी जाऊन मीच फोटो उघडून दिला. मामा पडद्याजवळ वाकले, मग मागे टेकले.

"आता सगळं धुरकट दिसतं गं. तूच सांग, कशी दिसतेय ताई?"

"दोन वेण्या आहेत. छातीशी वही धरलीय."

"हसतेय का?"

फोटोत आई हसत नव्हती.

"हो मामा," मी म्हटलं, "हसतेय."