न विचारता नेलेलं पाणी

लग्न होऊन लाखांदूरकडच्या या गावात आले, तेव्हा मला वाटलं होतं की मामाजींचं आणि शेजारच्या काकाजींचं सात पिढ्यांचं वैर आहे. मामाजी म्हणजे माझे सासरे. काकाजी म्हणजे ज्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आमच्या वावराला लागून आहेत ते. दोघं वयानं बरोबरीचे, हट्टानंही. सकाळी विहिरीवर भेटले की आधी एकमेकांच्या धानाला नावं ठेवायचे, मग बैलांना, आणि बैल विकल्यावर एकमेकांच्या पोरांना. एवढं झालं की मोटार सुरू व्हायची.

विहीर आमच्या हद्दीत, दोन्ही वावरांमधल्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, अगदी चिकटून. मोटारी मात्र दोन, एक आमची आणि एक त्यांची, दोन्ही तीस वर्षांपूर्वी बसवलेल्या. एक दिवस आमचं पाणी, एक दिवस त्यांचं. ही पाळी कुणी कुठं लिहिली नव्हती. तिच्यावर नियम एकच: ज्याचे पऱ्हे वाळायला आले त्याला आधी पाणी, पाळी कुणाची का असेना. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपं, ती गेली की हंगाम गेला. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचा तोही दोन्ही घरांनी मिळून. त्या दिवशी काकाजींच्या घरच्या काकू लाखोरीच्या डाळीचे वडे करायच्या, आणि त्या वड्यांसाठी मी निम्मा गाळ एकटीनं काढला असता.

मामाजींना एक वाईट खोड होती. पाहुणा आला की त्याला विहिरीवर न्यायचे आणि काकाजींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "माह्या पान्यावर याचे धान पिकते." काकाजी मान वर न करता सांगायचे की पाणी भुईचं आहे, खड्डा तेवढा तुझा. मी नवी नवरी, आता भांडण पेटणार म्हणून घागर उचलून घराकडे निघायचे. पुढं कळलं की ज्या दिवशी हे बोलणं होत नाही, त्या दिवशी दोघांपैकी एकाला ताप असतो.

मग वाटणी झाली आणि विहिरीकडचा तुकडा धाकट्या दिराच्या नावावर चढला. दीर नागपूरला नोकरीला. तो शेती करणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण विकेल असं मामाजींच्या स्वप्नातही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात त्यानं गिऱ्हाईक आणलं. साकोलीकडचा व्यापारी, माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं: विहीर माझी झाली की दुसऱ्याची मोटार तिच्यात नको.

काकाजी यावर अवाक्षर बोलले नाहीत, आणि तेच मला सोसवेना. त्यांनी आपल्या वावरात बोअर मारून पाहिली होती, नुसती दगडाची भुकटी उडाली. हे पाणी तुटलं तर उन्हाळी धान गेलं, भाजीपाला गेला, आणि पावसानं दडी मारली की पऱ्हेही गेले. दिराला मी फोनवर खूप बोलले. वहिनीनं बोलू नये तेही बोलले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

साकोलीच्या कोर्टात माझ्या माहेरच्या ओळखीचे एक वकील आहेत. गिऱ्हाईक आणि दीर ज्या दिवशी यायचे होते, त्याच दिवशी मी त्यांनाही घरी बोलावलं. काकाजी-काकूही आले. ओसरीवर चहा झाल्यावर वकिलांनी समजावून सांगितलं की पाण्याचा हक्क वहिवाटीनंही तयार होतो. वीस वर्षांहून जास्त काळ, उघडपणे, खंड न पडता आणि हक्कानं पाणी घेतलेलं असलं, तर जमीन विकली तरी तो हक्क राहतो आणि नवा मालकही त्याला बांधलेला असतो. गिऱ्हाईक म्हणाला, तसं असेल तर मला कोर्टकचेरी नको, खरेदीखतात दुसऱ्या मोटारीचं लिहून घेऊ. पण मेख वकिलांच्या पुढच्या वाक्यात होती. मालकाच्या परवानगीनं, त्याच्या मेहरबानीवर घेतलेलं पाणी यात धरत नाहीत. ते मालक केव्हाही बंद करू शकतो.

मामाजींचं ते पाहुण्यांपुढचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. दीर तर बापाकडे असा पाहत होता, जणू निकाल लागलाच.

वकिलांनी मामाजींनाच विचारलं की पाणी तुम्ही देत होता, की हे घेत होते. जन्मभर ज्यांनी दातेपण मिरवलं ते मामाजी म्हणाले, "मी कोन देनारा? यानं मले कधी इचारलंच नाही. याचं पानी होतं, हा नेत होता."

माझे डोळे भरून आले. सुटलो, असं वाटलं. पण काकाजी कसले गप्प बसतात! मामाजींचं बोलणं खोडल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही, आणि स्वभावानं माणूस सुतासारखा सरळ.

"खोटं कायले बोलतं?" ते म्हणाले. "मोटार बसवाच्या आधी मी तुले इचारलं होतं."

मी कपाळाला हात लावला. काकूंनी पदर तोंडात धरला. स्वतःच्या बांधीचं पाणी स्वतःच्या तोंडानं तोडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मामाजी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळले.

"इचारलं होतं," ते म्हणाले. "अन् मी काय म्हनलो होतो तेही सांग ना. मी म्हनलो, काहून इचारून राहिला? इहीर तुहीच समज, लाव मोटार."

ही मेहरबानीची परवानगी नव्हती, हक्कच देऊन टाकला होता; वकिलांनी ते सांगायचीही गरज उरली नाही. मग दीरच खाली मान घालून वकिलांना म्हणाला, दोन मोटारींचं लिहून टाका. काकाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि तोंडावर धरला. मामाजींचं हे एक बोलणं तेवढं त्यांनी खोडलं नाही.