एकाच पावशीवर

माझ्या पावशीचा मला फार तोरा होता. पावशी म्हणजे विळी. माहेराहून आणलेली, पातं असं की आलू टेकवला की दोन फाका. पवनारला आमच्या आळीत आलूचं बेणं कापायचं असलं की मलाच बोलावणं यायचं, आणि मीही वरमाईच्या ऐटीत जायची.

त्या वर्षी आमचं बेणं कापताना एका आलूत तपकिरी कडं दिसलं. दाबलं तर कड्यातून पांढरट, चिकट थेंब आले. मी तो आलू फेकला, पावशी पदराला पुसली आणि पुढचा घेतला. दुसऱ्या दिवशी तीच पावशी घेऊन थोरल्या जाऊबाईंकडे गेले. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून, उताराच्या अंगाला. दरवर्षी त्या हरभरा पेरायच्या. या वर्षी माझ्याच आग्रहानं आलू लावणार होत्या. त्यांचं सगळं बेणं मी गप्पा हाणत कापून दिलं.

दीडेक महिन्यानं आमच्या वावरात चार-पाच झाडांनी भर उन्हात माना टाकल्या. पानं हिरवीगार, झाड मात्र लुळं. संध्याकाळी पुन्हा उभं. नवरा म्हणाला, "पाणी मागून राह्यले." पाणी सोडलं, तर माना टाकणारी झाडं वाढली. "आता सरबत पाजता का त्यायले?" मी म्हटलं. मला राग आला की कुणाचंच ऐकून घेत नाही मी.

शेवटी कृषी सहायक बाईंना बोलावलं. त्यांनी एक झाड उपटलं, बुडाजवळ खोड कापलं आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टोक धरलं. थोड्या वेळात खोडातून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली.

"जिवाणूंमुळे येणारा मर रोग आहे हा," त्या म्हणाल्या. "यावर फवारायला औषध नाही. रोगट झाडं मातीसकट काढा, वावराबाहेर नेऊन जाळा. आणि पाणी थांबवा, पाण्याबरोबर रोग पुढे जातो. बेणं कशानं कापलं होतं?"

मी पावशी दाखवली.

"मधे धुतली होती?"

"पदराला पुसली होती," मी म्हणाले. "मग पात्यानंच रोग एका आलूतून दुसऱ्यात नेला," त्या म्हणाल्या.

आमच्या वावरातलं पाणी दांडानं, म्हणजे मातीच्या पाटानं, थेट जाऊबाईंच्या आलूत जातं. अकराला वीज येणार होती, आणि पाण्याची पाळी त्यांची होती. न सांगता बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण त्यांचा आलू माझ्या शब्दावर लागलेला. मी अक्षरशः पळत गेले. त्या मोटारीच्या बटणाशी उभ्या होत्या.

"बाई, थांबा. माझ्या पावशीनं तुमचं बेणं बाटवलं," मी म्हणाले आणि कड्याच्या आलूपासून सगळं सांगून टाकलं. मला रडूच येत होतं. आता ही बाई मला दारात उभी करायची नाही, असं वाटलं.

त्या बटणापासून मागे सरल्या. "मले राग आला हाय. लय आला हाय," त्या म्हणाल्या. "पण पहिले झाडं काढू, मंग भांडू."

आम्ही दांड मातीनं बुजवला. त्यांच्याही वावरात सात झाडं मान टाकून होती. तीही मातीसकट टोपल्यात भरली आणि नेऊन जाळली. उरलेला आलू वाचला. कमरेचे काटे ढिले झाले आणि भांडण राहूनच गेलं.

दोन्ही वावरांत आता तीन वर्षं गहू. आलू नाही, आणि हाच रोग लागणारी वांगी नाहीत, टमाटर नाही. पुढच्या हंगामाला आलूसाठी आम्ही दुसरीकडे जमिनीचे वेगवेगळे तुकडे धरले, नवं बेणं आणलं. कापायचे दिवस आले. आळीतून मला बोलावणं आलं नाही. मी घरातच भांडी आपटत होते. पावशी कोपऱ्यात पडलेली. रोग मरावा म्हणून ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवून बुडवून तिच्यावर गंज चढला होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून जाऊबाईंचा आवाज आला, "काऊन बसली व घरात? पावशी घेऊन येजो. माझी बी काढली हाय. एक कापन, एक ब्लिचिंगच्या बादलीत भिजन."

मी पदराला हात पुसले. मग थांबले, साबणानं धुतले, आणि पावशी घेऊन गेले.