अळू जगलं तर

शारजात रोल्ला चौकाच्या मागे आम्ही तळमजल्यावर राहायचो. घरामागे एक चिंचोळं अंगण होतं, भिंतींच्या सावलीतलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडे आले. येताना त्यांनी कोकणातल्या परसातले अळूचे कांदे फडक्यात बांधून आणले होते. अंगण बघून म्हणाले, "अळूला जागा बरी आहे." बाकी घराबद्दल त्यांचं मत मला कधी कळलं नाही.

थंडीत अळू झकास फुटलं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गावाकडच्यासारखा नळापासून वाफ्यापर्यंत छोटा पाट काढला. संध्याकाळी नळ सोडायचा आणि खुर्चीत बसायचं, पाणी आपलं आपण जातं. मात्र हे सगळं दिवेलागणीच्या आत. त्यानंतर झाडांना हात लावायचा नाही, ती झोपतात, असा सासूबाईंचा नियम होता. बाबा एरवी देवापुढेही फारसे न रेंगाळणारे. पण हा नियम त्यांनी बायको गेल्यावर जास्तच कडक केला.

उन्हाळा चढला तशी पानं पिवळी पडली, कडेने करपली, मग एकेकाने मान टाकली. "आजोबा, इट्स डेड," माझी लेक म्हणाली. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. बाबांचं जेवण कमी झालं, बोलणं तर आधीच बेताचं. एका सकाळी ते नवऱ्याला म्हणाले, "हे अळू जगलं तर राहतो. नाहीतर माझं तिकीट काढ. इथे काही रुजत नाही रे."

"बघू बाबा, इन्शाल्ला," म्हणत नवरा ऑफिसला सटकला. अवघड बोलणं निघालं की त्याला हमखास उशीर होत असे. तिकडे कोकणात घराला कुलूप होतं, किल्ली शेजाऱ्यांकडे होती. तिथे हा माणूस एकट्यापुरता भात कसा टाकणार? आणि खरं सांगायचं तर मला ते हवे होते. माझे वडील मी लहान असतानाच गेले. नवऱ्याशी वाजलं की पेपरमधून डोकं वर न काढता "तिचं बरोबर आहे" म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

मी कंबर कसली. आधी संशय खिडकीतल्या एसीवर. त्याची गरम हवा थेट वाफ्यावर यायची. मध्ये एक पत्रा आडवा लावला. मग माती खारट असेल म्हणून नर्सरीतून दुसरी माती आणि शेणखत आणलं. त्या वासाने वरच्या मजल्यावरची मल्याळी बाई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. अळू आपलं होतं तसंच.

एका संध्याकाळी बाबांनी नळ बंद केला आणि मी एक सडकं पान काढायला वाकले. बोटं चिखलात गेली आणि मी ओरडलेच. चिखल चांगला भाजत होता! गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेलं पाणी आम्ही रोज भर गरम वेळेला अळूच्या मुळाशी सोडत होतो. पाटाने जाणाऱ्या पाण्याला कोणाचा हात लागतच नव्हता. आणि तिकडे बाथरूममध्ये उन्हाळाभर आम्ही सगळे गीझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी गार म्हणून अंगावर घेत होतो. स्वतःसाठी एवढी अक्कल होती, अळूसाठी चालली नाही.

मी धावत जाऊन गीझरच्या नळाखाली बादली भरली. अंगणात आले तोवर लेकीने देवापुढचा दिवा लावला होता. बाबा वाफ्यासमोर उभे. मी बादली धरून तशीच थांबले.

"आता नको ना?" मी विचारलं.

त्यांनी वाटेतली खुर्ची बाजूला ओढली. "घाल," म्हणाले. "तुझ्या सासूला मी सांगेन काय ते."

मी तांब्याने हळूहळू पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पाट बुजवला आणि गार पाण्याची बादली बाबा स्वतः सकाळी नेऊ लागले. बरेच दिवस काहीच दिसलं नाही. मी रोज चोरून बघायची आणि तेही चोरून बघताना सापडायचे. मग एका शुक्रवारी मातीतून घट्ट गुंडाळलेली हिरवी सुरळी वर आली. मागोमाग दुसरी. मी आनंदाने टाळ्या पिटल्या. बाबा रिकामी बादली उचलून आत गेले. तिकिटाचं विचारायची माझी छाती झाली नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी फोन जवळ ओढला आणि गावच्या शेजाऱ्यांचा नंबर लावला. गावाशी बोलताना ते नेहमी ओरडूनच बोलत, त्यामुळे मला भांडी घासताना सगळं ऐकू येत होतं.

"किल्ली राहू दे तुमच्याकडेच," ते म्हणाले. "मधूनमधून दारं उघडून वारा द्या, झालं. नाही हो, आता येणं नाही. मी इथेच." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. बाबा आणखी मोठ्याने म्हणाले, "मुलाकडे कुठला, तो घरी असतो कधी? सुनेकडे असतो मी!"

मी नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.