मॅडमचा शिक्का

नोएडातल्या आमच्या अनुवादकांच्या संघटनेत मॅडम सर्वांत ज्येष्ठ. ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचल्याशिवाय त्या कुठल्याही अनुवादावर अचूकतेचा शिक्का मारत नाहीत, असं आम्ही समजत होतो. एआयचे नियम ठरवायच्या बैठकीत त्यांनी तेच मांडलं: यंत्रानं अनुवादलेलं प्रत्येक पान माणसानं मोठ्यानं वाचायचं, मगच शिक्का.

“एवढा वेळ कुणाकडे असतो, मॅडम?” मी विचारलं.

त्यांनी पर्समधून औषधाचं माहितीपत्रक काढलं. ‘गरोदरपणी घेऊ नये’चं यंत्रानं ‘घ्यावे’ केलं होतं. खाली शिक्का त्यांचाच.

“त्या दिवशी माझ्याकडेही वेळ नव्हता,” असं म्हणून त्यांनी आपला शिक्का टेबलावर ठेवला. “नियम होईपर्यंत हा इथेच राहील. बिल्कुल उचलणार नाही.”

माझ्या बॅगेत मी सकाळीच न वाचता शिक्का मारलेली यंत्राची पानं होती. नियमाच्या बाजूनं पहिला हात मी वर केला.