बठ्ठं उसवा

भर बाजारात आम्ही शिवून विकलेल्या पिशवीचा बंद तुटला आणि गिऱ्हाइकाची भरताची वांगी गटाराकडे घरंगळली. त्या बाईने तोंड सोडलं. बंद कोणी लावला, असं तिने विचारताच आमच्यातल्या सगळ्या पोरी ज्योतीकडे बघू लागल्या. बंद लावायचं काम ज्योतीचं आणि माझं. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. साठीच्या बाईवर कोण संशय घेतो? ज्योतीचा बाप शेजारीच मिरच्या घेत होता. उद्यापासून शिवायला जायचं नाही, असं त्याने तिला चारचौघांत सुनावलं. पोरगी मान खाली घालून वांगी वेचत राहिली.

नानांनी तुटलेली पिशवी उलटी करून टाका बघितला. मग उरलेल्या सगळ्या पिशव्या सतरंजीवर ओतल्या. म्हणाले, "बठ्ठं उसवा."

नाना धुळ्याकडचे. त्यांचं बठ्ठं म्हणजे आमचं सगळं, त्यांचं शे म्हणजे आमचं आहे. जन्मभर भुसावळला रेल्वेच्या गाद्या शिवल्या, मग सावद्याला लेकीकडे राहायला आले आणि चार दिवसांत कंटाळले. केळीच्या घडांना चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, केळी कापली की बांधावर लोळत पडतात. त्या धुऊन, थरावर थर ठेवून बाजाराच्या पिशव्या शिवायला त्यांनी नववी-दहावीच्या पोरी बसवल्या. माझ्याकडे मशीन होतं, म्हणून मीही. शिवण वाकडी गेली तर नाना रागवत नसत, नुसतं "उसव" म्हणत. पोरी त्यांना मागे उसवनाना म्हणायच्या. एकदा चहा फार गोड झाला, तर एकीने विचारलं, नाना, हा कसा उसवायचा? नानांनी कप पातेल्यात ओतला, वर तांब्याभर पाणी घातलं आणि सगळ्यांना तो पांचट चहा पाजला.

एकटीने पिशवी पुरी करायची नाही, हा त्यांचा नेम. एकीने कापायची, दुसरीने दुमडायची, तिसरीने तळ शिवायचा. मिळेल ते सारखं वाटायचं. तयार पिशवी दोन विटा घालून खिळ्याला टांगायची, टिकली तरच गठ्ठ्यात.

आता माझं सांगते. मी चौथी शिकलेली, पण माझ्या गोधड्यांचा बारीक टाका गावात नावाजलेला. मी बंद लावलेल्या पिशव्या विटा न टांगताच मी गठ्ठ्यात सरकवल्या होत्या. मला कोण तपासणार? पण प्लास्टिकला बारीक टाका घातला की भोकाला भोक लागतं, त्याची चाळण होते. तो टाका माझा होता. मला कळलं, नानांनाही कळलं.

ते माझ्यापुढे ब्लेड ठेवून हळूच म्हणाले, "अक्का, हाई प्लास्टिक शे, लुगडं नई." आणि उसवायला बसले.

मी दोन टाके उसवले. मग उठले आणि ज्योतीच्या बापापुढे जाऊन उभी राहिले. "टाके माझे आहेत. पोरीला बोललात ते मला बोला."

तो मिरच्या सावरत म्हणाला, राहू द्या अक्का. तेवढ्यात नानांनी सतरंजीवरून आवाज दिला, "पिशवी एकलीनी नई, बठ्ठासनी शे." एकटीची नाही, सगळ्यांची. आणि एक ब्लेड त्यालाही दिली. माणूस उसवायला बसला. अर्धा बाजार बघायला जमला होता. ज्योती दुसऱ्या दिवशी आली.

नाना जाऊन तीन वर्षं झाली. विटा त्याच आहेत. ज्योती आता नव्या पोरींना शिकवते. परवा तिने माझी पिशवी टांगली, बंद बघितला आणि पोरींसमोर म्हणाली, "अक्का, उसवा."

उसवला.

बाकीच्या कोणी सासरी गेल्या, कोणी कॉलेजात. त्या सतरंजीवरच्या दोघीच अजून शिवतो, ज्योती आणि मी.