आपाच्या परीक्षेला ठकूमावशी

आपा गेल्याचा फोन भाचीनं केला. "खाला, अम्मी झोपेतच..." लोणावळ्याला पोहोचले, तर तुंगार्लीच्या घराबाहेर ही गर्दी. डोंगरावरच्या वाड्यांमधून माणसं चालत आली होती.

ताहेराआपा माझी थोरली बहीण. कामशेतला अब्बांचं तांदळाचं दुकान होतं. साठच्या दशकात ती दातांची डॉक्टर व्हायला मुंबईला निघाली, तेव्हा नात्यातले म्हणाले, "पोरगी लोकांचे दात उपटत बसणार?" अब्बा तांदूळ मापता मापता म्हणाले, "बसवणारही आहे." सुट्टीत ती ओसरीवर मेणाचे दात कोरायची. एखादी दाढ मनासारखी उतरली नाही, की मेण वितळवून पुन्हा सुरुवात... शेवटच्या वर्षी मात्र पेच पडला. परीक्षेत पूर्ण कवळी करून बसवायची होती आणि पेशंट आपला आपण आणायचा होता. ठरलेल्या बाईंनी ऐन वेळी नकार दिला. आपा रडवेली होऊन घरी आली, तेव्हा दुकानात ठकूमावशी बसली होती. वरच्या वाडीतली, भाकरी पाण्यात कुस्करून खाणारी. तोंडात एक दात नाही.

"मी येते की," मावशी म्हणाली. "पर परीक्षा तुजी, मी काय करायचं?"

"तोंड उघडून बसायचं, मावशी."

"व्हय, तेवढं जमंल."

मुंबईत दोघी मामूंकडे राहिल्या. रोज मापं घेणं, मेण लावून बघणं, घासणं. मावशी एकदाही कुरकुरली नाही. अखेर कवळी बसली. परीक्षकांनी ती हलवून पाहिली आणि म्हणाले, "आजी, काही बोला बरं."

"बोलायचं काय त्यात? इतकं दिस तोंड उघडं ठिवलं, आता चावू द्या की!" असं म्हणून मावशीनं कनवटीतले फुटाणे काढले आणि सगळ्यांदेखत कडाकडा चावले. नव्या कवळीवर असलं कुणी करत नाही. आपा सांगायची, "कवळी जागची हलली नाही गं, माझेच पाय लटपटत होते..."

पास झाली, आणि मुंबईत न थांबता लोणावळ्यात दवाखाना थाटला. तालुक्यातल्या किती तोंडांना तिनं पुन्हा चव दिली असेल!

परवा त्या दवाखान्यात गेले. खुर्चीशेजारी तिचा छोटा आरसा तसाच आहे. दात बसवले, की तो पेशंटच्या हाती देऊन ती खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "इतक्या वर्षांनी माणूस हसून बघणार असतो गं. तेवढा वेळ त्याला एकटं सोडावं."