एकोणीस अंगठे

माझा स्वभाव मूळचाच संशयी. दूधवाल्याने माप तिरकं धरलं की काय, हे मी आजही वाकून बघते. त्यामुळे ज्या गावाने माझ्यावर संशय घेतला, त्या गावाला नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. तरी ठेवते.

ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. मी कोल्हापूरकडची, डी.एड. होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि नेमणूक मिळाली रत्नागिरीच्या आतल्या एका वाडीवर. हातखंब्याला एस.टी. सोडायची आणि कातळावरून तासभर चालायचं. शाळेत दोन खोल्या आणि दोन शिक्षक. मोठी खोली हेडमास्तर गुरुजींची, लहान खोलीत पहिली-दुसरी घेऊन मी. गाव मला ‘घाटावरची बाई’ म्हणत असे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा अंदाज मला पहिले दोन महिने येत नव्हता. मग आला, आणि मी त्यांच्याशी तशीच वागू लागले.

माझ्या पहिलीत एकोणीस मुलं होती. त्यांतल्या पाच-सहा मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच यायच्या. आया शेतावर जायच्या, मग पोर सांभाळणार कोण? एक भावंड रडलं की सगळी रडायची, आणि ‘अ’ अननसाचा म्हणेपर्यंत कुणीतरी कोपऱ्यात शू करून ठेवायचं. मला संताप यायचा. पण त्यातच एक मुलगी अशी होती की तिच्यापुढे माझा संताप चालायचा नाही. ती मांडी घालून बसायची, दीड वर्षांच्या भावाला मांडीवर पालथा झोपवायची आणि त्याच्या पाठीवर पाटी ठेवून लिहायची. तो श्वास घेई तशी पाटी खाली-वर व्हायची, पण हिची अक्षरं सरळ. दोन महिन्यांत ती जोडाक्षरांपर्यंत पोचली होती. ही मुलगी शिकली तर माझं या कातळावर येणं फुकट गेलं नाही, असं मी मनाशी धरून बसले होते.

भाताची लावणी उरकली तसे गुरुजी म्हणाले, “बाई, पहिलीची पालकसभा घ्या. वर्गाचे नियम सांगा. आणि सभा झाल्याचा पुरावा हवा, येतील त्यांचे अंगठे घ्या.” त्यांनी जांभळ्या शाईचं पॅड माझ्या हातात दिलं. मी माझ्या पदरची नवी कोरी वही घेतली, प्रत्येक पानावर एका मुलाच्या आईचं नाव लिहिलं आणि खाली अंगठ्याला जागा सोडली.

गावातले बहुतेक पुरुष मुंबईला. त्यामुळे सभेला आल्या त्या आयाच. मी पुढे चटया अंथरल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. सगळ्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसल्या, दाराच्या जवळ. पळायला बरं, असं मला तेव्हाच वाटलं. आत येताना प्रत्येकीने मुकाट्याने अंगठा दिला आणि शाई डोक्याच्या केसांना पुसली. हजेरीचा अंगठा म्हणजे हजेरीचा, त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही.

मग मी नियम सांगायला उभी राहिले. शाळा साडेदहाला भरते, प्रार्थनेनंतर येणाऱ्याला दारात उभं राहावं लागेल. पाटी थुंकीने पुसायची नाही, घरून ओलं फडकं द्या. सोमवारी नखं बघितली जातील. पाणी पिताना ओगराळं तोंडाला लावायचं नाही. घरी मुलाने वाचून दाखवलं तर कळत नसलं तरी ऐका. बायका माना डोलवत होत्या, पण डोळे माझ्या तोंडाकडे नव्हते, माझ्या वहीकडे होते.

शेवटचा नियम मी मुद्दाम मागे ठेवला होता. धाकटं भावंड वर्गात आणायचं नाही. तो सांगण्याआधी कुणाच्या घरची अडचण किती आहे ते समजून घ्यावं, एवढ्याच हेतूने मी विचारलं, “तुमच्या घरात पहिलीतल्या पोराच्या पाठची मुलं किती? सगळ्यांत धाकटं केवढं?”

डोलणाऱ्या माना एकदम थांबल्या.

“धाकटं कोण नाय आमच्यात,” पहिली म्हणाली. दुसरीच्याही घरी कुणी नव्हतं. तिसरीच्याही नव्हतं. रोज माझ्या वर्गात शू करणारी सगळी पोरं एका क्षणात गावातून नाहीशी झाली. पाटीवाल्या मुलीची आई तर त्या धाकट्यालाच पदराखाली घेऊन पाजत बसली होती. तिने माझ्याकडे सरळ बघत सांगितलं, “ह्यो माझा नाय. जावेचा हाय.”

“जावेचा, आणि दूध तुम्ही पाजता?”

“जाव शेतावर गेलीय.”

मला हसू यायला हवं होतं. आला तो राग. इतक्यात एका आईबरोबर आलेली म्हातारी उठून उभी राहिली. “बाई, खरा काय ता सांगा. नर्सबाई पण ह्याच इचारते. पोरं किती, शेवटचा केवढा. आनि मग गाडी येते न् बायांना आपरेशनला नेते. तुमी अंगठं आदी घेतलंत न् मागसून इचारलंत. ह्यो डाव हाय.”

एकदम गलका झाला. “अंगठा फसवून घेतला!” “परत द्या!” आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी कुटुंब नियोजनाच्या केसी, म्हणजे ऑपरेशनला तयार बायका, आणायचं काम आम्हा शिक्षकांच्याही गळ्यात पडत असे. त्या वर्षी माझ्या वाट्याला दोन केसी आल्या होत्या. पण त्या दिवशीच्या सभेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. माझ्या डोक्यात फक्त पाटी, फडकं आणि नखं होती. खरं बोलत असून कुणी खोटं ठरवलं की माझं डोकं फिरतं. मी ओरडून म्हणाले, “तुमच्या ग्रामदेवीची शपथ घेऊन सांगते, मी नावं कुणाला देणार नाही!”

बायका गप्प झाल्या. मला वाटलं, आवाज चढवल्यामुळे झाल्या. मग एकेक करून उठून गेल्या. शेवटचा नियम माझ्या तोंडातच राहिला.

संध्याकाळी मी व्हरांड्यात वही घेऊन बसले आणि रागाच्या भरात प्रत्येक अंगठ्यापुढे खरा आकडा लिहिला. मुलांनी मला घरचं सगळं कधीच सांगितलेलं होतं, त्यांच्यापासून काय लपणार! पाठची तीन, पाठची दोन, एक पोटात. खोटं बोलता काय माझ्याशी, असं म्हणत मी लिहीत गेले. गुरुजी मागून डोकावले. “वा बाई! यादीच तयार केलीत की! सोमवारी नर्सबाई येतायत, दोन नावं काढून ठेवा.”

आणि मी काढली. दुपारी शपथ घेतलेल्या हाताने संध्याकाळी एका चिठ्ठीवर दोन नावं लिहिली. पहिलं नाव त्या जावेचं पोर पाजणारीचं. सगळ्यांत धडधडीत खोटं ती बोलली होती ना. चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी एकोणिसांपैकी चार मुलं आली. तिसऱ्या दिवशी दोन. पाटीवाली मुलगी आली नाही. तिच्या रिकाम्या जागेकडे बघत मी दुसरीच्या मुलांना पाढे म्हणायला लावले आणि ते ऐकलेच नाहीत. सायंकाळी माझी घरमालकीण भात वाढताना म्हणाली, “बाई, तिच्या आईनं सांगितल्यान, पोरीला आता शाळेत नाय धाडायची. मुंबईला आत्याकडं धाडतेय, पोर सांभाळायला.”

मी ताट तसंच ठेवलं आणि निघाले. तिचं घर वाडीच्या टोकाला होतं. आई अंगणात उभी होती, तिने मला खळ्याच्या कडेलाच थांबवलं. दारात मुलगी, कडेवर भाऊ. मला बघून ती हसली आणि आईचा चेहरा बघून हसायची थांबली.

“हिला शाळेतून काढू नका,” मी म्हणाले. “भावाला आणलं तरी चालेल. रोज आणू दे. माझा काही नियम नाही.”

“माझा अंगठा परत द्या.”

“अंगठा कसा परत देणार हो? तो काय वाटीतली साखर आहे?”

“त्ये मला नाय म्हाईत. माझ्या चुलत्यानं एक अंगठा दिल्यान तर आमची काजूची बाग गेली. अंगठा तुमच्याकडं हाय तवर पोर शाळेत येनार नाय.”

पर्स माझ्या काखेत होती. चिठ्ठी तिच्यात होती. ती समोर बोलत होती आणि मला वाटत होतं, हिला काखेतलं दिसतंय. मी घरी गेले, वही आणली आणि तिच्या हातात ठेवली. “ही घ्या. तुमच्याकडेच ठेवा. सगळ्यांना दाखवा.”

तिने वही उलटीसुलटी करून बघितली. तिला वाचता येत नव्हतं. मुलगी पुढे येऊन पहिलं पान वाचायला लागली तर आईने तिला मागे ढकललं. वही घेऊन ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. ‘या’ म्हणाली नाही, ‘बसा’ म्हणाली नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेला ती आली. पुढे मुलगी, तिच्या कडेवर भाऊ, आणि मागे वाडीतली पंधरा-सोळा पोरं. आईने वही माझ्या टेबलावर ठेवली.

मी उघडली. प्रत्येक पानावर एक चौकोनी भोक होतं. ब्लेडने नीट, रेघेवर रेघ ठेवून कापलेलं. तिने फक्त स्वतःचा नव्हे, एकोणीसच्या एकोणीस अंगठे कापून काढले होते. “सगळ्या जमलो न् चुलीत घातलं,” तिने सांगितलं. “आता आमचा काय नाय तुमच्याकडं. आता लिवा काय लिवायचा ता.”

मी पानं उलटत होते. भोकाच्या वर तिचं नाव, ठसठशीत, माझ्याच अक्षरात. भोकाच्या शेजारी आकडा. दुसऱ्या पानावर तसंच, तिसऱ्यावर तसंच. जे कापून काढायला हवं होतं ते सगळं तिने जागच्या जागी ठेवून माझ्या हातात आणून दिलं होतं, आणि निर्धास्त झाली होती.

“कुणी वाचून नाही बघितलं का हे?” मी विचारलं.

“पोरगी वाचत हुती. मी म्हटलं, गप ऱ्हा, अक्षरांनी काय होतंय!” ती हसली. माझ्याशी हसताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. मग तिने अंगठा वर करून दाखवला. “बगा, शाई पण गेली.”

मुलगी आपल्या जागेवर जाऊन बसली होती. भावाला पालथा झोपवून तिने पाटी काढली. मी सगळी पानं तिथेच फाडली, कारण विचारलं तर काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं. आईने विचारलंच नाही. घाटावरच्या माणसांना चांगली वही फाडायची हौस असते, असं तिला वाटलं असेल.

चिठ्ठी मात्र पर्समध्येच राहिली. तिच्यादेखत काढायची तर ती होती हे कबूल करावं लागलं असतं. ती मी संध्याकाळी स्टोव्हवर जाळली. सोमवारी नर्सबाईंना हात हलवत परत पाठवलं, आणि वर्षअखेरीला माझ्या नावापुढे लाल शेरा आला. गुरुजी महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांना केसींपेक्षा अंगठे गेल्याचं दुःख जास्त होतं, कारण त्यांच्या लेखी आता सभा झालीच नव्हती.

पण मला आठवते ती शनिवारची सकाळ. आई जायला निघाली होती. पायरीवरून परत वळली आणि म्हणाली, “तसा म्या पोरीला धाडलाच असता, बाई. वही नसती दिलात तरी. घरात बसून इचार केला. तुमी देवीची शपथ घेतलात ना, चारचौघींत. ती कोन खोटी घेल?”

मी पर्स काखेत आणखी घट्ट धरली आणि म्हणाले, “कुणी नाही घेणार.”